भट्टी, घळ आणि रोउग्वी

१० नोव्हेंबर, वुयिशान

सकाळी ज्यूलोंगकेला जाऊन आले. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधल्या चिंचोळ्या घळीत दगडी बांध घालून लावलेली चहाची झुडपं. ऊन उशिरा येतं, लवकर जातं. कड्यावरच्या ओट्यावर दा होंग पाओ या चहाची ती सहा मूळ झुडपं. २००६पासून त्यांची खुडणी बंद आहे; २००५च्या शेवटच्या खुडणीतला २० ग्रॅम चहा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेव्हा त्या नावानं बाजारात मिळतं ते कलमांचं, नाहीतर मिश्रण. त्यात गैर काही नाही, चांगलं मिश्रण जमवायलाही कसब लागतं. लबाडी होते ती घळीच्या नावात. न्यूलानकेंग एवढीशी घळ, आणि जावं त्या दुकानात तिथलाच रोउग्वी, म्हणजे 'दालचिनी' नावाचा चहा!

११ नोव्हेंबर

दुकानातल्या बाईंनी दोन रोउग्वी काढले. एक न्यूलानकेंगचा म्हणून, दुसरा घळींबाहेरचा, एक पंचमांश किमतीचा. म्हटलं, परीक्षणाच्या रीतीनं करू: ११० मिलीच्या गायवानात (झाकणाच्या पेल्यात) ५ ग्रॅम पानं, उकळतं पाणी, आधी २ मिनिटं, मग ३, मग ५. दुभाष्यानं सांगताच त्या हसल्या. "पाहुण्याला इतका कडू चहा कुणी पाजतं का?" पण केला. काही सेकंदांत ओतलेला चहा कुठल्याही दुकानात गोडच लागतो.

स्वस्ताच्या झाकणाला दालचिनीचा असा झणका, की नाक चुरचुरलं. महागाच्या झाकणाला नुसती भट्टी. दुसऱ्या फेरीत पारडं फिरलं. स्वस्ताचा वास ओसरला, जिभेच्या कडा आवळून आल्या. महागाचं लिकर गडद नारिंगी, अंगानं दाट. तुरटपणा आला आणि गिळताच विरला, मागे घशात गोडी. ५ मिनिटांच्या पेल्यातही ती टिकली, गार झाल्यावर तर जास्तच कळली. इथे 'यान युन' (कातळाची लय) म्हणून पैसे मोजतात ते यासाठी.

१२ नोव्हेंबर

कालची भिजलेली पानं ताटलीतल्या पाण्यात मोकळी केली. महागाची बहुतेक मऊ, कडा तांबूस. काही मात्र काळी, आकसलेली, उलगडेचनात: निखारा जास्त लागला. बांबूच्या टोपलीत, राखेनं झाकलेल्या निखाऱ्यांवर हा चहा तासन्‌तास भाजतात, मध्ये विसावा देऊन पुन्हा भाजतात. याचं शेवटचं भाजणं गेल्या महिन्यातलं. उन्हाळ्यापर्यंत डब्यात राहिला तर भट्टी उतरेल आणि दालचिनी वर येईल, असा माझा अंदाज. पानं कातळातली आहेत हे जीभ सांगते. कुठल्या घळीतली, ते बाईंचा शब्द. त्या शब्दाचेच निम्मे पैसे. १०० ग्रॅम घेतला. भाव एका युआननंही उतरला नाही.

वर जुन्या झुडपांच्या श्वेइश्यान चहाची एक पुडी दिली त्यांनी. रात्री खोलीवर करून पाहिला. ओलं लाकूड, शेवाळ, दिखाऊपणा नावाला नाही. सकाळी आधी याचा भाव विचारायचा.