घरची चिकटवही

अलीकडे आपल्या घरांतून छायाचित्रांचा इतका सुकाळ झाला आहे कीं, बारशापासून मुंजीपर्यंत मुलाचा प्रत्येक दिवस कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलमध्यें सांठविलेला असतो. छायाचित्रांशीं माझें वैर नाहीं. परंतु एखाद्या कुटुंबाचें चरित्र केवळ चित्रांवरून जुळवूं गेल्यास तें फार लंगडें होतें, असें मला आमच्या निफाडच्या घराची चिकटवही तयार करतांना वारंवार वाटलें. चित्रांतील माणसें सणासुदीच्या कपड्यांत, श्वास रोखून उभीं असतात. आणि ज्यांना कोणीं चित्रासाठीं उभेंच केलें नाहीं, तीं तर मुळींच नसतात. आमच्या घरचा सर्वांत जुना सामुदायिक फोटो १९३१ सालचा आहे. त्यांत चौदा माणसें आणि एक कुत्रा आहे. परंतु आजेसासऱ्यांची बालविधवा बहीण, ज्यांना सारें घर आत्याआजी म्हणे, त्या त्यांत नाहींत. फोटोग्राफर आला तेव्हां त्या सोवळ्यानें स्वयंपाकघरांत होत्या, असें सासूबाई ऐकलेलें सांगत. त्यांचा दुसराही फोटो कोठें नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं वाडा उतरविण्याचें ठरलें आणि माळ्यावरच्या ट्रंका खालीं आल्या. भांडीं जाऊबाईंनीं वांटलीं, जमिनीचे कागद भाऊजींनीं पाहिले, आणि ज्याला कोणी वाली नव्हता तें सारें माझ्याकडे आलें. जुन्या लग्नपत्रिका, हळदीचीं बोटें उमटलेलीं पत्रें, निफाड स्टेशनचें पुठ्ठ्याचें तिकीट, नातू झाल्याची तार, वाण्याच्या याद्या, लासलगांवच्या कांद्याच्या हिशेबपट्ट्या, येवल्याच्या पैठणीचा फाटका काठ. चिकटवही म्हटलें कीं शाळकरी मुलांनीं कापून लाविलेलीं क्रिकेटवीरांचीं चित्रें डोळ्यांपुढें येतात. पण या पसाऱ्याला दुसरें घर नव्हतें.

आपल्याकडे हा छंद विलायतेंतून आला अशी पुष्कळांची समजूत आहे. तिकडे तो होता, हें खरें. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकानें तर १८७३ सालीं आधींच डिंक लाविलेल्या पानांच्या चिकटवहीचें पेटंट घेतलें. पाणी लावावें आणि कात्रण चिकटवावें. (आपल्या श्रावणांत त्या वहीची एकसंध वीट झाली असती!) परंतु आमच्या आज्या-पणज्यांना जपून ठेवण्याची कला कोणीं शिकवावी लागली नव्हती. त्यांनीं आरत्या, ओव्या, औषधें आणि देण्याघेण्याचे हिशेब एकाच बाडांत उतरून ठेविले. कागद रुमालांत बांधले. गोधडी तर कापडाची चिकटवहीच होय. आमच्या एका गोधडींत तीन पिढ्यांचीं लुगडीं आहेत, आणि सासूबाई टांका-टांका दाखवून कोणतें कोणाचें तें सांगत. आतां त्या नाहींत, त्यामुळें गोधडींतील दोन तुकडे कायमचे अनाथ झाले आहेत. याच्या उलट आमचीं पितळेचीं भांडीं. आहेराच्या प्रत्येक तांब्यावर आणि परातीवर देणाऱ्याचें नांव, लग्न कोणाचें आणि साल कोणतें, हें टोंचून घातलेलें आहे. तांबटानें चार ओळी घातल्या म्हणून ऐंशी वर्षांनंतरही ती परात बोलते. वस्तु ठेवणें सोपें असतें; तिच्याशेजारीं ती कोणाची, कोठून आली, हें लिहून ठेवण्याचाच आपणांस कंटाळा.

निफाड म्हटलें कीं सुशिक्षित वाचकाला न्यायमूर्ति रानडे आठवतात. त्यांचा जन्म येथें १८ जानेवारी १८४२ रोजीं झाला. मला मात्र या कामांत त्यांच्या पत्नीची आठवण अधिक झाली. रमाबाईंचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं निघालें. न्यायमूर्तींचीं भाषणें आणि लेख इतरत्र मिळतात. पण घरांतील बायकांचा विरोध सोसून एक अल्पवयीन सून लिहावयास-वाचावयास कशी शिकली, हें त्या पुस्तकावांचून कोणास कळलें असतें? योगायोग असा कीं, त्याच १९१० सालीं पुण्यांत राजवाडे आणि मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या घराण्यांचीं दप्तरें धुंडाळलीं आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ २२ खंडांत प्रसिद्ध केलीं. त्यांतला पहिला खंड १८९८ सालचा. आमच्या ट्रंकेंत पेशव्यांचीं पत्रें नव्हतीं. परंतु कागद वाचण्याची एक शिस्त त्या पिढीनें घालून दिली आहे, आणि ती वाण्याच्या यादीलाही लागू पडते : काय लिहिलेलें आहे, काय ऐकलेलें आहे, आणि आपण स्वतः काय जोडीत आहों, हीं तीन वेगवेगळीं राखावीं. त्याच पुण्यांत दिनकर केळकरांनीं अडकित्ते, दिवे, फण्या आणि वज्र्या जमवून अकालीं गेलेल्या आपल्या मुलाच्या नांवें संग्रहालय उभें केलें. रोजच्या वापरांतल्या वस्तूंना इतका मान देणारा गृहस्थ विरळा.

वही कशी बांधली तें थोडक्यांत सांगतें. जाड हातकागद घेतला, आणि शिवणींत दर दोन पानांमध्यें कागदाची एक अरुंद पट्टी घातली. तिच्यामुळें वस्तु लाविल्यावरही वहीचें पोट सुटत नाहीं. चिकटविण्यासाठीं घरचीच खळ वापरली. बुकबाईंडर तींत कसर लागूं नये म्हणून मोरचूद घालतात. पण तो विषारी, आणि घरांत नातवंडें, म्हणून मीं तो घातला नाहीं, वहीच्या पेटींत वेखंडाचे तुकडे ठेविले. पारदर्शक चिकटपट्टी मात्र चुकूनही लावूं नये. ती दहा-पंधरा वर्षांत पिवळी पडते, सुटून येते, आणि आपला डाग कागदावर कायमचा ठेवून जाते. टांचण्या काढून टाकाव्या, त्या गंजतात. वर्तमानपत्राचें कात्रण शेजारच्या पानालाही पिवळें करतें, तें वेगळ्या पाकिटांत असावें. हल्लींच्या दुकानांतील गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरें तर कांहीं वर्षांत आपोआप उडून जातात. ठेवावयाची असल्यास ती हातानें उतरून घ्यावी. ज्या कागदाच्या मागेंही मजकूर आहे तो मीं चिकटविलाच नाहीं, पानाला चिरा देऊन चारी कोपरे त्यांत खोंवले.

आतां मुख्य गोष्टीकडे येतें. तिसऱ्या ट्रंकेंत, एका जुन्या पोथीच्या बासनांत, सुतळीनें बांधलेला एक गठ्ठा निघाला. त्यांत मनीऑर्डरच्या पोंचा होत्या. पैसे मिळाल्याची सही घेऊन पोस्ट फॉर्माचा जो तुकडा पाठविणाऱ्याकडे परत करी, तो. अशा त्रेसष्ट पोंचा, १९३२ ते १९३८ पर्यंतच्या, प्रत्येक पांच रुपयांची. पाठविणार आत्याआजी, घेणार, नाशिकास शिकत असलेले माझे सासरे. गठ्ठ्याच्या तळाशीं १९३२ सालचीच सोनाराची एक चिठ्ठी होती : पाटल्या जोड एक, गोठ जोड एक, मोडीस घेतले.

हें वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिलें. कारण आमच्या घरांत तीन पिढ्या एकच कथा चालत आली आहे. मामंजींचे वडील लवकर वारले. तेव्हां पोरक्या मुलाला थोरल्या आजोबांनीं, म्हणजे घराच्या कर्त्या पुरुषानें, स्वखर्चानें शिकविलें. १९६८ सालीं वांटणी झाली तेव्हां ही कथा फार मोलाची ठरली होती. “तुमच्या शिक्षणाचा खर्च आमच्या घरानें केला” या एका वाक्यावर मळ्याकडची विहीर थोरल्या घराकडे गेली, आणि मामंजी एक शब्दही बोलले नाहींत. आत्याआजींविषयीं घरांत सांगितलें जाई तें एवढेंच कीं, बाई हाताची चिकट होती.

पोंचांवरची सही मामंजींची आहे. म्हणजे त्यांना सर्व ठाऊक होतें. मग ते गप्प कां राहिले? याचें उत्तर गठ्ठ्यांत नाहीं. पुढें लिहितें तो माझा तर्क आहे. कर्त्याला न विचारतां एका विधवेनें आपलें स्त्रीधन मोडलें, हें उघड झालें असतें तर तिला पुढें त्याच घरांत, त्याच चुलीपुढें दिवस काढावयाचे होते. मुलानें शब्द दिला असावा, आणि ती गेल्यावरही पाळला असावा. त्या सह्या एकापुढें एक मांडल्या तर त्यांच्यासारखें चित्र दुसरें नाहीं. पहिली बाळबोध, एकेक अक्षर सुटें, वर शाईचा डाग; मधल्या मोडींत; शेवटच्या वर्षींची इंग्रजींत, झोंकदार, खालीं रेघ ओढलेली. एक पोर सहा वर्षांत मोठा झालेला त्या तुकड्यांतून दिसतो, आणि तो मोठा होतांना दर महिन्याला पाहणारी एकच व्यक्ति होती.

थोरल्या घरच्या भाऊजींना मीं गठ्ठा दाखविला. आतां ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनीं प्रत्येक पोंच चष्मा पुसून पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, हें वहींत लावूं नका. आमच्या आजोबांना लोक खोटें म्हणतील.”

मीं म्हटलें, “मी कांहींच म्हणणार नाहीं, भाऊजी. तारीख आणि रक्कम तेवढी लिहीन.”

दोन दिवस ते माझ्याशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ओट्यावर उन्हांत येऊन बसले. पौष महिना होता, आणि निफाडची पौषांतली थंडी दरवर्षीं वर्तमानपत्रांत छापून येते, ती कांहीं उगाच नव्हे. शाल घट्ट ओढून म्हणाले, “लावा. पण दर दिवाळीनंतर आजोबा नाशिकास गव्हाचें एक पोतें पाठवीत, तेंही लिहा. त्याची पावती नाहीं. मला आमच्या आईनें सांगितलें आहे.”

मीं तें लिहिलें. पोंचांच्या समोरच्या पानावर गव्हाच्या पोत्याची नोंद आहे. तिच्याखालीं ‘ऐकीव’ हा शब्द, कोणी सांगितलें आणि केव्हां, असें नमूद केलें आहे. पांच रुपये आणि पोतें यांची बेरीज मीं मांडलेली नाहीं. विहिरीचा उल्लेखही वहींत कोठें नाहीं. तो मीं मुद्दाम टाळला, आणि त्यावरून माझ्या मुलीनें मला भित्री म्हटलें. तिचें म्हणणें मला पटत नाहीं. कागद लाविला आहे. ज्याला वाचतां येतें तो वाचील.

असाच वाद आणखी एका कागदावरून झाला, पण तो लवकर मिटला. कूळकायदा १९४८ सालीं झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा कूळ हाच मालक मानला गेला. त्या वेळची मामलेदार कचेरीची नोटीस जाऊबाईंना वहींत नको होती. अपमानाचा कागद कशाला जपावा, असें त्या म्हणत. मला तो अपमानाचा वाटत नाहीं. जमीन गेली म्हणूनच या घरच्या मुलांनीं परीक्षा दिल्या आणि नोकऱ्या धरल्या. त्या जमिनीवर आज द्राक्षबाग आहे; त्या वेळच्या कुळाचा नातू दर हंगामांत एक पेटी घेऊन येतो आणि ओट्यावर चहा घेऊन जातो. परदेशीं जाणाऱ्या त्याच्या खोक्यावरचें रंगीत लेबल मीं मागून घेतलें आणि नोटिशीच्या शेजारीं लाविलें. दोन्ही कागद एकाच पानावर नीट राहिले आहेत.

वही भरत आली आहे. शेवटून दुसऱ्या पानावर निळ्या खणाची एक इवलीशी कुंची आहे. ती मीं चिकटविली नाहीं, दोन टांके घालून धरली आहे. सासूबाईंच्या लग्नांतल्या शालूच्या घडींत ती निघाली. कोणाची, हें खात्रीनें सांगणारें आतां घरांत कोणी उरलें नाहीं. वन्सं म्हणतात, ती त्यांच्या पाठच्या भावाची असावी. तो तीन महिन्यांचा होऊन गेला आणि सासूबाईंनीं पुन्हां त्याचा विषय काढला नाहीं. त्याचें बारसें झालें होतें, म्हणजे कांहीं तरी नांव ठेविलेलें असणारच. कुंचीखालीं मीं पेन्सिलीनें ‘ऐकीव’ असें लिहिलें आहे, आणि नांवापुरती जागा मोकळी सोडली आहे.