रस्ता गेल्याची बातमी

गाडीतला जीपीएस भलतीकडे घेऊन गेला की आपण सॅटेलाइटच्या नावाने खडे फोडतो. त्या बिचाऱ्याला रस्ता, पूल, वन-वे यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्या सिग्नलवरून कळतं ते एवढंच, की आपण कुठे आहोत. बाकी सगळं नकाशात, म्हणजे कुणीतरी भरलेल्या डेटात.

डेटाबेसशी माझी रोजचीच झटापट, म्हणून यातली एक गोची मला फार छळते. नवा रस्ता सापडणं त्यामानाने सोपं. नकाशावर नुसतं शेत आहे आणि तिथून रोज गाड्या धावताहेत, म्हणजे रस्ता झालाय. पण असलेला रस्ता गेला तर? गाड्या दिसेनाशा होतात, बस्स. आणि आडवाटेला गाड्या तशाही कमीच. मग ही वाट मोडली की नुसती सुनी आहे, हे मशीनने ओळखायचं कसं?

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली कोसळली. तिघं गेले. पुलाचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता. नेव्हिगेशनच्या लेखी मात्र पूल शाबूत होता. आसपासच्या गावांना हे ठाऊक असणारच.

ही माहिती नकाशात पोचायला माणूसच लागतो. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने इंग्लंडमध्ये सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप तर कुणालाही दुरुस्त करता येतो. मी हल्ली बंद रस्ता दिसला की गाडी बाजूला घेऊन आधी तो कळवतो. दोन मिनिटं जातात. जाऊ देत.