आगोटीचा आठवडा

महाडच्या बाजूला मे महिना सरत आला की घरोघर एकच शब्द ऐकू येतो, आगोट. देशावरच्या वाचक भगिनींना तो कदाचित ठाऊक नसेल. मी सिन्नरकडची, लग्न होऊन या बाजूला येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हता. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मीठ, मसाला, तांदूळ, डाळी, सुकी मासळी, आमसुले, चिंच, लाकूडफाटा, शेणी, जे काही चार महिने लागणार ते सगळे पहिला पाऊस पडायच्या आत घरात आले पाहिजे. आमच्याकडे जून उलटला तरी माणसे आभाळाकडे बघत बसतात. इथे पाऊस येईल का, हा प्रश्नच नसतो. तो यायच्या आत आपले आवरले का, एवढेच बघायचे.

असे का, ते नदी पाहिल्यावर समजते. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरकडून खाली महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वर महाबळेश्वरला पाऊस कोसळला की पाणी इकडे धावत सुटते, आणि नेमकी तेव्हा खाडीला भरती असली तर त्या पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही. मग ते बाजारपेठेत शिरते. 22 जुलै 2021 च्या पुरात महाडची दुकाने बुडाली, आणि त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीच्यावर माणसे गेली. त्याआधी 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी आल्या होत्या. तेव्हा रस्ता बंद, बाजार बंद, आणि 1 जूनपासून समुद्रातली मासेमारीही बंद. घरात काय भरून ठेवले आहे त्यावरच दिवस काढायचे. बोंबील, सुकट आणि जवळा ही इथे चैन नव्हे. पावसाळ्यातले कालवण त्यावरच चालते.

आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, खाडीकडच्या एका गावातल्या बौद्धवाडीत एकट्या राहतात. आम्ही दोघे आणि दोन मुले दिव्याला एका चाळीत. दरवर्षी मेच्या शेवटी आम्ही आठ दिवस जातो ते आत्यांची आगोट भरायला आणि घर शाकारायला. 2025 साली 18 मे च्या रविवारी निघालो. पहाटे दिव्याहून सावंतवाडीची पॅसेंजर. पेण, रोहा, कोलाड, माणगाव करीत गाडी वीरला येते, तिथून मिनीडोरने पुढे. धाकटा चार वर्षांचा, त्याने रोह्यापर्यंतच सगळा डबा संपवला.

अंगणात आत्यांनी कोकमे वाळत घातली होती. आमसुलाचे काम दिसते तेवढे सोपे नाही. फळे फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा, त्या रसात मीठ घालायचे, साले त्यात बुडवून उन्हात टाकायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. असे पाच-सात दिवस केले की साल काळपट, मऊ होते आणि वर्षभर टिकते. एवढे दिवस कडक ऊन मात्र हवे. पायरीशेजारी फणसाच्या आठळ्यांचा ढीग आणि सुपात आंब्याची साटे होती.

सोमवारी महाडचा बाजार केला. वर्षभर भिशीत टाकलेले बारा हजार घेऊन आलो होतो. त्यातले साडेतीन हजार मीठ-मसाला, डाळ-तेल आणि सुकी मासळी यात गेले. बोंबील घेताना आत्या एकेक मोडून बघतात. कट्‌कन मोडला तर घ्यायचा, वाकला तर ठेवायचा. बाजार आटोपून चवदार तळ्याच्या पायरीवर बसलो आणि मुलांना पाव खाऊ घातला. थोरली तिसरी पास झालेली. तिने विचारले, बाबासाहेब इथे कधी आले? 20 मार्च 1927, तिच्या बाबांनी सांगितले. आणि तळे आमचे नव्हे असा जो दावा कोर्टात गेला, त्याचा हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. थोरलीने बोटांवर मोजले आणि म्हणाली, "एवढ्याशा पाण्याला दहा वर्षं?" आत्यांनी पिशव्या सावरल्या आणि म्हणाल्या, चल, गाडी जाईल.

मंगळवारी घराला हात घातला. घर कौलारू, मंगळुरी कौलांचे. दरवर्षी कौले उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, सरकलेली नीट बसवायची, एवढेच काम असते. ह्यांच्यासोबत भावकीतले दोघे चढले. स्वयंपाकघर आणि पडवीवरचे पश्चिमेचे पाख उघडले आणि बघतात तर तीन वासे वाळवीने पोकळ केलेले. बोट लावले की भुसा. वासे बदलल्याशिवाय कौले चढवता येणार नव्हती. सुतार म्हणाला, उद्या सकाळी लाकूड आणतो.

दुपारी तीनच्या सुमारास रिपेवरची कौले खाली देताना ह्यांना विंचू चावला. तांबडा, बोटभर लांबीचा. कौलांच्या सांदीत गारवा धरून ते बसतात, आणि या बाजूला लाल विंचू म्हटले की जुनी माणसे अजून गप्प होतात. हे शिडीवरून स्वतः उतरले, हसत होते. पाव तासात अंगाला घाम फुटला, दोनदा उलटी झाली, हाताची बोटे बर्फासारखी गार पडली. आत्यांचा धाकटा दीर ऐन तिशीत असाच गेला होता. त्याला मांत्रिकाकडे नेले होते. आत्यांनी या वेळी कोणाला बोलूच दिले नाही. "उतारा नको, पाला नको, गाडी आणा," एवढेच. शेजारच्या मुलाने मिनीडोर काढली आणि दोघांनी मध्ये धरून ह्यांना महाडच्या सरकारी दवाखान्यात नेले.

इथे एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. डॉ. हिंमतराव बावसकर. जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. विंचू चावलेली तरणी माणसे, मुले डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रात्र रात्र उशाशी बसून नोंदी केल्या आणि विषाने हृदयावर काय होते ते शोधले. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यावर चालते हे दाखवले. 1986 साली ते इंग्लंडच्या लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय पत्रात छापून आले. पूर्वी अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत, पुढे ते एक-दोनावर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ह्यांना दवाखान्यात तीच गोळी दिली आणि दर तीन तासांनी पुन्हा. आता विंचवावरची लसही असते, तीही टोचली. भगिनींनो, घाम, उलटी आणि हातपाय गार ही लक्षणे लक्षात ठेवा, आणि वाटेत कोणाच्याही दारी थांबू नका.

मी मात्र घरीच होते. धाकटा माझा पदर सोडेना. सहाच्या सुमाराला खाडीच्या अंगाने आभाळ काळे झाले आणि विजा सुरू झाल्या. वाडीतले म्हातारे तात्या म्हणाले, "वळवाचा आहे, तासाभरात ओसरेल." स्वयंपाकघरावर छप्पर नाही, खाली चूल, कणगीत तांदूळ, कालच आणलेली मासळी, पोत्यात मीठ. मीठ भिजले की त्याचे पाणीच होते. आणि नवऱ्याची काही खबर नाही.

मी आणि आत्या डबे माजघरात ओढू लागलो. हाक कोणी कोणाला घातली मला माहीत नाही. पण थेंब पडायच्या आत दहा-बाराजण ओट्यावर आले होते. कोणी ताडपत्री, कोणी शेताचे प्लास्टिक, कोणी अंगणाच्या मांडवाचे बांबू घेऊन. वास्यांच्या जागी बांबू बांधले आणि त्यावर ताडपत्री ताणली. बाया कणगी रिकामी करीत होत्या, पाटीत तांदूळ भरून हातोहात आत. शेजारची वहिनी चुलीतला विस्तव घमेल्यात काढून घेऊन गेली आणि तिच्याकडेच आमच्या मुलांचे जेवण झाले. रात्री नऊला फोन आला, ह्यांची उलटी थांबली, हातपाय गरम झाले. आत्या तोवर उभ्याच होत्या. मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पहिल्यांदा पाणी मागितले.

पाऊस तासाभरात ओसरला नाही. बुधवारी पडला, गुरुवारी पडला. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचे बातम्यांत सांगू लागले. गुरुवारी हे घरी आले, तोंड उतरलेले, चालताना थकत होते. लाकूड भिजलेले, वासे बसवायला उघडीप नाही. तेव्हा पत्र्याचा विषय निघाला. हे गेली चार वर्षे म्हणत होते, पत्रे टाकू. दरवर्षीची शाकारणी नको, विंचू नको. आत्यांना पत्रा नको होता. उन्हात तापतो, पावसात वाजतो, आणि ज्या घराची कौले ह्यांच्या वडिलांनी गिरणीच्या पगारातून एकेक गाडी करून आणली ते घर वखारीसारखे दिसेल, हे त्यांचे म्हणणे. मला दोघांचेही पटत होते. शेवटी पैशानेच ठरवले. भिशीतले साडेआठ हजार उरले होते, त्यात दवाखान्याची ये-जा. एवढ्यात स्वयंपाकघर आणि पडवीपुरते पत्रे आणि लोखंडी नळ्या बसत होत्या. माजघरावर कौलेच राहिली. उतरवलेल्यांपैकी चांगली कौले आत्यांनी मागच्या भिंतीशी नीट रचून ठेवली. "कधी लागली तर," म्हणाल्या.

शनिवारी दुपारी चार तास उघडीप मिळाली तेवढ्यात पत्रे चढले. रविवारी, 25 तारखेला, मोसमी पाऊस कोकणात पोहोचल्याचे जाहीर झाले. एरवी तो जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. वाडीत अर्ध्याहून जास्त घरांची आगोट अपुरी होती. कोणाचा लाकूडफाटा भिजला, कोणाच्या शेणी. ज्याच्याकडे कोरडे होते त्याने दिले, आणि त्याचा हिशेबही बायांनी नीट तोंडपाठ ठेवला. आमची कोकमे उन्हाअभावी अर्धवट राहिली होती, ती आत्यांनी चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवली. आंब्याची साटे बुरसली, ती टाकून द्यावी लागली. थोरलीला त्याचेच सर्वात वाईट वाटले.

निघायच्या आदल्या रात्री हे म्हणाले, आई, यंदा पावसाळाभर दिव्याला चल. वरची दरड, खालची नदी, मी तिथे जीव टांगून बसतो. आत्या कंदिलाची काच पुसत होत्या. म्हणाल्या, "येईन की. पण ही एवढी आगोट भरलीय, ती कोणी खायची?" मग जरा थांबून म्हणाल्या, दरडीची हाकाटी झाली तर वाडीबरोबर मी शाळेत जाणार, ते आमचे ठरलेले आहे. ह्यांनी तरीही फोन नेहमी चार्ज ठेवायचे वचन घेतले.

सोमवारी, 26 ला, परतलो. त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत आला आणि कुलाब्याचा मे महिन्यातला 1918 चा विक्रम मोडला. आमच्या चाळीच्या तोंडाशी घोट्याएवढे पाणी होते, खोलीत आले नव्हते. पिशवीत आत्यांनी दिलेले बोंबील आणि धुराच्या वासाची आमसुले होती.

जुलैत एका रात्री जोराचा पाऊस लागला म्हणून फोन केला. पलीकडून नुसता धडधडाट, आत्यांचे शब्द कळेनात. मी दोनदा विचारले, आत्या, बरे आहे ना? थोड्या वेळाने आवाज कमी झाला. "आता बोल," त्या म्हणाल्या, "कौलांखाली आलेय."