तिसरा कोण?

प्रेमाचा आरंभ चित्रपटांना जितका प्रिय, तितकाच त्याचा शेवटही. मधल्या दीर्घ वर्षांशी मात्र त्यांना फारसे कर्तव्य नसते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) हा चित्रपट नायिका धावत्या गाडीत चढताच संपतो. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने २०१०, २०१५ आणि २०१८ अशा तीन चित्रपटांतून भेट, लग्न व अपत्य हे टप्पे दाखविले, हा सुखद अपवाद.

नाते तुटताना दाखवायचे झाले, की पडद्यावर बहुधा तिसरी व्यक्ती येते. ‘सिलसिला’ (१९८१) आणि ‘अर्थ’ (१९८२) ही त्याची ठळक उदाहरणे. ‘अर्थ’मधील पूजा परतू पाहणाऱ्या पतीला नाकारते, हे त्या काळी धीटपणाचे होते, परंतु घर मोडते ते दुसऱ्या स्त्रीमुळेच. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त (१९८२) सुलभा कामासाठी घराबाहेर पडते आणि हळूहळू दुरावते. तिथेही अखेरीस पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री असतेच. कथेला ती सोयीची असते. मनातला दुरावा कॅमेऱ्याला टिपता येत नाही. चोरटी भेट सहज टिपता येते.

या सवयीची किंमत मी जवळून पाहिली. आमच्या नात्यातील एक दांपत्य विभक्त झाले, तेव्हा वडीलधाऱ्यांचा एकच प्रश्न होता : “तिसरा कोण?” तिसरे कोणीच नव्हते. होत्या त्या अबोल संध्याकाळी, आजारी सासूच्या उशाशी एकटीने काढलेल्या रात्री, आणि “दमलीस का?” एवढेही न विचारणारा नवरा. पण हे कोणाला कारण वाटेना. मग कोणीतरी तिच्या कार्यालयातील सहकाऱ्याचे नाव घेतले. महिन्याभरात ती अफवा गावभर सत्य ठरली. रविवारच्या मिस्साला ती दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जाऊ लागली.

अनुभव सिन्हा यांच्या ‘थप्पड’मध्ये (२०२०) तिसरी व्यक्ती नाही. भर मेजवानीत नवऱ्याने मारलेल्या एका थपडेनंतर अमृताला आजवर मुकाट्याने सोसलेल्या कितीतरी लहान गोष्टी दिसू लागतात. असे चित्रण आपल्याकडे विरळाच.

वाचकहो, एखाद्या घराला तडा गेलेला दिसला, तर “कोण?” असे विचारण्याऐवजी “केव्हापासून?” असे विचारावे. आमच्या त्या मुलीकडे या प्रश्नाचे चार वर्षांचे उत्तर आहे. तिने ते मला तुकड्यातुकड्यांनी सांगितले. इतरांनीही ते ऐकून घ्यावे, एवढीच तिची अपेक्षा आहे.