थाळनेरच्या दरवाज्याची साक्ष

आमचे थोरले भाऊ जळगावात एका लाकडाच्या वखारीत आऱ्यावर काम करतात. एकदा सागाचा ओंडका चिरताना फळीत रुपयाएवढा चकचकीत ठिपका दिसला. शिशाची गोळी! शिसे मऊ असल्यामुळे आऱ्याने लाकडाबरोबर तीही चिरली होती. मालकाने तो तुकडा भावाला देऊन टाकला. घरी आणल्यावर मुले नाचू लागली, "लढाईची गोळी! लढाईची गोळी!"

ती बहुधा कुणा शिकाऱ्याची असावी. पण लढाईची गोळी कशी असते, हे लढाईच्या जागीच मुलांना सांगावे असे आम्ही ठरवले. रविवारी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून आम्ही चोपड्यावरून शिरपूर आणि तिथून धुळे जिल्ह्यातल्याच थाळनेरला गेलो.

थाळनेर तापीच्या उत्तर तीरावर आहे. बुऱ्हाणपूर वसण्याआधी खानदेशच्या फारुकी राजांची राजधानी इथे होती. नदीकाठच्या टेकाडावर किल्ल्याचे उरलेसुरले बांधकाम दिसते. खाली तापीचे पाणी, वर बाभळी. आम्ही फिरलो तिथे लाकडी दरवाजा मात्र कुठे दिसला नाही.

आणि या किल्ल्याची सारी कथा दरवाज्यांचीच आहे. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातला मुलूख इंग्रजांना दिला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरपुढे आली. किल्लेदार तुळशीराम मामा यांनी किल्ला दिला नाही. तोफा चालल्या. आत जायला एकामागे एक पाच दरवाजे होते. पुढे किल्लेदार इंग्रजांच्या स्वाधीन झाले. शेवटच्या दरवाज्याच्या दिंडीतून इंग्रज अधिकारी आत शिरले, तिथे झटापट झाली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग बाहेरचे सैन्य आत घुसले. सुमारे ३०० माणसांची शिबंदी जवळजवळ सगळी कापली गेली. त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी दिले.

वाचकहो, दगा कुणी केला? इंग्रजांनी लिहिले, शिबंदीने. शिबंदीचे म्हणणे लिहायला कुणी उरलेच नाही. १८१९ साली ब्रिटिश पार्लमेंटने हिस्लॉप आणि त्याच्या फौजेचे आभार मानले. पण किल्लेदाराच्या फाशीबद्दल आपण काही मत देत नाही, अशी पुस्ती त्यांनाही जोडावी लागली.

अशा वेळी लाकूड साक्षीला येते. ठासणीच्या बंदुकीची गोळी म्हणजे शिशाचा गोल मणी. इंग्रजी फौजेतली गोळी साधारण ३० ग्रॅमची असे. ती सागात घुसते, चपटी होते आणि तिथेच अडकते. छिद्र कोणत्या बाजूला आहे, कसे तिरपे गेले आहे, यावरून गोळी बाहेरून आली की आतून, वरून आली की खालून, हे कळते. झाडात अडकली तर वरून नवे लाकूड येऊन ती झाकली जाते. झाड कितीही उंच वाढले तरी गोळी जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहते.

अमेरिकेच्या यादवी युद्धात १२ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे बंदुकीच्या गोळ्यांनीच २२ इंच जाडीचे ओकचे झाड कोसळले. त्याचा बुंधा आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे मात्र जुने लाकूड चुलीत जाते, नाहीतर घराच्या तुळईला लागते. शिसे भंगारात जाते, वितळवून मासेमारीच्या जाळ्याचे वजन होते. गरिबाच्या घरी काहीच वाया जात नाही, त्यात दोष कुणाचा? पण त्यात साक्षही वितळते.

थाळनेरच्या लढाईच्या दोन महिने आधी, त्याच युद्धात, १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाची लढाई झाली. तिथल्या स्तंभावर नावे कोरली आहेत, त्यांत 'नाक' प्रत्ययाची आपल्या महार शिपायांची नावे आहेत. नावे दगडावर होती म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे उभे राहून समाजाला त्याचा इतिहास सांगू शकले. थाळनेरच्या ३०० जणांसाठी असा दगड आम्हाला दिसला नाही. ते कोण होते, कुणाची लेकरे होती?

परतताना पुतण्याने विचारले, "काका, इथे खणले तर गोळी सापडेल?" आम्ही त्याला सांगितले, ते तुम्हालाही सांगतो. जुन्या दरवाज्यात, तुळईत किंवा झाडात गोळी दिसली तर चाकूने उकरू नका. बाहेर काढली की ते नुसते शिसे. जागा, उंची, दिशा लिहून ठेवा, फोटो काढा, पुरातत्त्व खात्याला किंवा तहसीलदारांना कळवा. किल्ल्यावर खणू नका. जमिनीत सापडलेली जुनी चीज कलेक्टरांना कळवावी, असा १८७८ पासून कायदा आहे. शिसे विषारी असते. त्यावरची पांढरी भुकटी हाताला लागली तर हात साबणाने धुवा. मुलांना ते तोंडात घालू देऊ नका, घरात वितळवू नका.

घरी आल्यावर आम्ही तो सागाचा तुकडा घेतला. त्याच्या पाठीवर पुतण्याने आपल्या अक्षरात लिहिले: कोणत्या साली, कुठल्या वखारीत, कुणाच्या हातून चिरला. खाली त्याने स्वतःहून भावाचे पूर्ण नाव घातले.