राजाचा घोडा आणि घरचा ट्रेनर

राजेरजवाड्यांनी शर्यतीचे घोडे आपल्याच देशातल्या ट्रेनरकडे द्यावेत का? आमचे काका म्हणतात, "छे! जिंकायचं तर उत्तम ट्रेनर असेल तिथे घोडा पाठवायचा."

काकांच्या बाजूनं बडोद्याचे प्रतापसिंह गायकवाड आहेत. १९४५ साली त्यांनी इंग्लंडमध्ये वर्षाचं एक शिंगरू २८,००० गिनींना घेतलं आणि त्याला आजोबांचं नाव दिलं, 'सयाजीराव'. सॅम आर्मस्ट्राँग या इंग्रज ट्रेनरनं त्याला तयार केलं आणि १९४७ साली त्यानं सेंट लेजर जिंकली. इंग्लंडमध्ये पळायचं तर तिथल्याच हवेत, तिथल्याच हिरवळीवर सराव हवा, हे मलाही पटतं.

एलिझाबेथ राणीला हा प्रश्न फारसा पडला नसेल. न्यूमार्केट तिच्याच देशात! २०१३ चा अ‍ॅस्कट गोल्ड कप जिंकणारी तिची 'एस्टिमेट' तिथेच तयार झाली. गंमत म्हणजे तिचे ट्रेनर सर मायकल स्टाउट जन्मानं बार्बाडोसचे.

दुबईच्या मक्तूम घराण्यानं मात्र तिसरी वाट काढली. सईद बिन सुरूर हा दुबईतला पोलीस. त्याला त्यांनी ट्रेनर केलं. घोडे हिवाळ्यात दुबईच्या उबेत ठेवायचे, मग इंग्लंडला न्यायचे. १९९५ ची एप्सम डर्बी जिंकणाऱ्या 'लॅमतारा'चा हिवाळा असाच गेला होता.

एखाद्या व्यापाऱ्यानं ट्रेनर कुठलाही निवडावा. पण राजाच्या हौसेत रयतेचाही पैसा असतो. घोडा खुशाल परदेशात पळू दे, पण त्या तबेल्यात आपला एखादा पोरगा तरी हे काम शिकायला हवा.

काका, आता बोला!