‘अ’ची वेलांटी

वर्ध्यात छापलेली जुनी पुस्तकं संगणकावर उतरवायचं काम मी करते. राष्ट्रभाषा प्रचार समितीची १९४० च्या दशकातली हिंदी पाठ्यपुस्तकं समोर आली की बोटं आपसूक सावध होतात. त्यांत ‘इस’ नसतं, ‘अिस’ असतं. ‘उस’ नसतं, ‘अुस’ असतं. ‘एक’ऐवजी ‘अेक’ असतं. नव्या माणसाला ही छपाईची चूक वाटते. पण तो नीट विचार करून घेतलेला निर्णय होता.

१९३५ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरलं. नागरी लिपीच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि काका कालेलकर तिचे संयोजक झाले. पुढच्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती उभी राहिली. साताऱ्यात जन्मलेल्या काकांचा मुद्दा सरळ होता. आ, ओ, औ आपण ‘अ’लाच काना-मात्रा देऊन लिहितो, मग इ, उ, ए यांना निराळे आकार कशाला? ‘अ’लाच वेलांटी द्या, उकार द्या, मात्रा द्या. सावरकरांनीही लिपिशुद्धीसाठी हाच आग्रह धरला. ‘अ’च्या या बाराखडीमुळे इ, ई, उ, ऊ, ए, ऐ हे सहा खिळे जुळाऱ्याच्या केसमधून कमी होणार होते आणि टंकयंत्रावर तेवढ्या कळा मोकळ्या होणार होत्या. मुलांनाही सहा आकार कमी गिरवावे लागले असते.

आता तेच ‘अि’ मी संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळपाटावर उमटवते. शिफ्ट धरून ‘डी’ दाबला की ‘अ’ येतो. मग नुसता ‘एफ’ दाबला की वेलांटी. पडद्यावर ती ‘अ’च्या डावीकडे जाऊन बसते, पण साठवली जाते ‘अ’च्या नंतर. जुळारी वेलांटीचा खिळा आधी लावायचा, डोळ्यांना दिसतो त्या क्रमानं. संगणक उच्चाराचा क्रम धरतो.

संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘इ’चा क्रमांक ०९०७ आहे. ‘अि’ला स्वतःचा क्रमांक नाही, ‘अ’चा ०९०५ आणि वेलांटीचा ०९३एफ, असे दोन मिळून ते अक्षर होतं. स्वरचिन्ह व्यंजनालाच लागतं असं मानणारी काही सॉफ्टवेअर ‘अ’ आणि वेलांटी जोडण्याऐवजी ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतात. वर्तुळ दिसलं तरी मजकूर बरोबरच असतो, म्हणून मी तो बदलत नाही.

खरी काळजी घ्यावी लागते ती ‘आ’, ‘ओ’, ‘औ’ यांची. ‘अ’ आणि काना वेगवेगळे टंकले तरी पडद्यावर ‘आ’सारखंच दिसू शकतं, पण आत क्रमांक निराळे राहतात आणि शोधताना तो शब्द सापडत नाही. म्हणून तिथे एकसंध अक्षरच घ्यायचं. मराठीतल्या ‘ॲ’चंही तसंच, २००८ पासून त्याला ०९७२ हा स्वतःचा क्रमांक आहे. म्हणजे एकाच स्वरमालेत काही अक्षरं जोडून घडवायची आणि काही अखंड घ्यायची. हे भान प्रूफ वाचून येत नाही, कारण कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

‘सरळ इ करून टाका, शोधायला सोपं जाईल’ असा सल्ला मला नेहमी मिळतो. शोधाची अडचण खरी आहे. ‘इतिहास’ शोधणाऱ्याला ‘अितिहास’ मिळत नाही. पण त्यावर उपाय आहे: मूळ पाठ छापल्याबरहुकूम ठेवावा आणि प्रचलित रूप शोधासाठी वेगळं नोंदवावं. मूळच बदललं, तर वर्ध्यात कुणी लिपीचा इतका खोल विचार केला होता, याचा पुरावाच त्या पानातून पुसला जातो.

ही बाराखडी रुजली नाही. १९४७ साली संयुक्त प्रांतात नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीनंही ती स्वीकारली नाही. तरी तिच्यातला तर्क फुकट गेला असं मला वाटत नाही. इनस्क्रिप्टमध्ये वेलांटी आणि ‘इ’ एकाच कळेवर आहेत, उकार आणि ‘उ’ही एकाच कळेवर, फरक फक्त शिफ्टचा. ही रचना काकांच्या बाराखडीतून आलेली नाही, पण स्वर आणि त्याचं चिन्ह यांचं सख्खं नातं दोन्हीकडे ओळखलेलं आहे. हे नातं ध्यानात आलं की कळपाट पाठ करावा लागत नाही, समजतो. जुनी पानं टंकणाऱ्या प्रत्येकाला माझं म्हणूनच सांगणं आहे: अनोळखी अक्षर आलं तर ते सुधारण्याआधी कुणी, कशासाठी घडवलं ते विचारा, आणि मगच कळेला हात लावा.